काचेवरचा लाल रंग

परवा माझ्या भावाच्या नातीनं मोबाईलवर मला एक चित्र दाखवलं. जुन्या धुळ्याच्या फोटोंचा कुठलासा ग्रुप आहे, त्यावर कुणीतरी ते टाकलं होतं. पांझरेचं पात्र, पलीकडे देवळाचा कळस, अलीकडे नुसती पांढरी वाळू आणि पाणी, माणूस औषधालाही नाही. खाली लोकांनी लिहिलं होतं की काय सुंदर होती आपली नदी, लोकांनी वस्त्या करून वाट लावली तिची. "आत्याआजी, हे पोस्टकार्ड पणजोबांनी छापलेलं ना?" पोरीनं कौतुकानं विचारलं. मी हो म्हटलं आणि स्वयंपाकघरात निघून गेले, कारण तिथेच बसले असते तर तिचा मोबाईल भिंतीवर आपटला असता. म्हातारपणी राग निवतो म्हणतात ते ज्यांना कधी आलाच नसेल त्यांनी म्हणावं. माझा निवलेला नाही, आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

माझे वडील फोटोग्राफर होते. त्यांना आम्ही आणि सारं गाव नाना म्हणायचं. पाचव्या गल्लीत पुढे स्टुडिओ आणि मागे घर, मध्ये एक गोधडीसारखा जाड काळा पडदा. स्टुडिओचा अंमल घरावर होता. डार्करूमचं पाणी आमच्या मोरीत यायचं, त्यामुळे आंघोळ करताना नाकात फोटो धुवायच्या हायपोचा आंबूस वास असायचा आणि तो वास आईच्या आमटीपर्यंत पोचायचा. आई रावेरकडची. तिच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि खलबत्त्यात कुटलेला हिरव्या मिरचीचा ठेचा मी आजही करते, पण खलबत्त्याचा तो आवाज काही माझ्या घरात येत नाही. आत फोटो काढणं चालू असलं की नाना पडद्याआडून एकदा खाकरायचे आणि खलबत्ता थांबायचा. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना घरात भांडं पडता कामा नये, पोर रडता कामा नये, असा नियम होता. आईनं आयुष्यभर त्या खाकरण्याबरहुकूम स्वयंपाक केला, आणि तिला त्याचं काही वाटत असेल असं आम्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

नानांचं खरं कसब फोटो काढण्यात नव्हतं, रिटचिंगमध्ये होतं. उतरत्या मेजावर निगेटिव्ह ठेवायची, खालून आरशानं उजेड घ्यायचा आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं चेहऱ्यावर बारीक बारीक टिपके भरत जायचं. त्या काळात देवीचे व्रण घरोघरी होते. नानांच्या फोटोत ते कुणालाच नसायचे. लग्नाच्या मुली यायच्या, स्थळाला पाठवायला फोटो हवा असायचा. सावळी मुलगी मेजावरून उतरायची ती गोरी होऊन. दोंडाईच्यापासून लोक मुद्दाम आमच्याकडे यायचे. माझी नजर बारीक म्हणून नानांनी मला दहावीच्या आधीच त्या मेजावर बसवलं. मी काम चांगलं करत होते, हे मला येणाऱ्या गिऱ्हाईकांच्या खूश चेहऱ्यांवरून कळायचं. नाना निगेटिव्ह उजेडात धरायचे, बघायचे आणि खाली ठेवायचे. वाईट असेल तर बोलायचे. चांगलं असेल तर काही नाही. एकदा तरी त्यांनी चांगलं म्हणावं म्हणून मी मान मोडेस्तोवर बसायचे. पुढे माझंही स्थळासाठी वय झालं तेव्हा माझा फोटो त्यांनी स्वतः घेतला आणि स्वतः गोरा केला. मला विचारलंसुद्धा नाही.

गल्ली संपली की उतार, आणि उताराखाली नदी. तिथे भोयांची वस्ती होती. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ती माणसं पात्रातल्या वाळूत टरबुजं नि काकड्या लावायची, पावसाळ्यात मासे धरायची, आणि बारा महिने काठावर त्यांची फुटाण्याची भट्टी पेटलेली असायची. भट्टी सोनाअक्काची. नवरा गेलेली, आवाजानं खणखणीत बाई. कढईत तापलेली वाळू, वाळूत चणे, आणि मग लोखंडी चाळणीत ते सगळं ओतून चाळताना जो खर्रखर्र आवाज व्हायचा तो आमच्या मागच्या खिडकीपर्यंत यायचा. शाळेतून आले की मी तिथे. ती फुटाणे माझ्या ओच्यात टाकायची आणि म्हणायची, जाय, तुना बापले सांग, मन्हा फोटू काढ म्हना. मी नानांना सांगायचे. नाना म्हणायचे, बघू. तिचा फोटो त्यांनी कधीच काढला नाही.

पण तिच्या सासूचा होता. माझ्या आजोबांनी काढलेला. आजोबा काचेच्या मोठ्या प्लेटांवर फोटो घ्यायचे, त्यांची पेटी माळ्यावर होती. गावाचा इतिहास म्हणावा असं जे काही धुळ्यात कुणाकडे होतं ते त्या पेटीत होतं : नवे आखलेले रस्ते, कापसाच्या गाड्यांच्या रांगा, नदीला आलेला पूर आणि भोयांची वस्ती. त्या वस्तीच्या काचेत मला लहानपणापासून एक गोष्ट बघायला आवडायची. तिपाईवरचा कॅमेरा, डोक्यावर काळं फडकं, आणि आजोबांनी सगळ्यांना हलू नका म्हणून सांगितलेलं. झोपड्यांपुढे सगळे दगडासारखे उभे आहेत, पोरंसुद्धा. फक्त भट्टीपाशी एक बाई आहे. ती उभी राहिलीय खरी, पण हातातली चाळणी तिनं थांबवलेली नाही. चणे करपले असते. म्हणून तिचं तोंड स्पष्ट आलंय आणि उजवा हात धूसर, नुसता धूर झालेला. सोनाअक्काला मी त्या काचेवरून काढलेला छाप एकदा दाखवला होता. ती त्या धूसर हातावर बोट ठेवून म्हणाली, हाई मन्ही सासूच शे, तिले उभं ऱ्हावानं कव्हयच जमनं नही.

त्या पेटीतून पोस्टकार्डं काढण्याची कल्पना भंवरशेठची. भंवरशेठचं आडत दुकान होतं, त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले. त्यांच्या मूळ गावाला नदी नव्हती, म्हणून त्यांना पांझरेचं फार अप्रूप. दिवाळीला व्यापाऱ्यांना पाठवायला त्यांना जुन्या धुळ्याची पोस्टकार्डं हवी होती. वस्तीच्या त्या काचेचा छाप बघून ते म्हणाले की नाना, नदी मोकळी दिसू द्या, पाणी आणि आकाश, बाकी काही नको. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना फक्त नदी हवी होती. नानांनी मेजावर काच घेतली, गेरूसारखा लाल दाट रंग कालवला आणि काचेच्या मसाला नसलेल्या गुळगुळीत बाजूनं वस्तीवर कुंचला फिरवला. लाल रंग लागला की त्या जागेतून उजेड जात नाही आणि छाप पांढरा येतो. झोपड्या गेल्या, पोरं गेली, भट्टी गेली, धूसर हातासकट ती बाई गेली. छापावर उरलेल्या पांढऱ्या जागेत त्यांनी दोनचार लाटांच्या रेघा ओढल्या. मुंबईहून छपाईचे ब्लॉक करून आले. कार्डाच्या मागे नानांनी मजकूर घातला : 'धुळे, पांझरा नदी. मूळ काचेवरून, जसेच्या तसे.' हे शेवटचे शब्द भंवरशेठनी सांगितलेले नव्हते. ते नानांचे स्वतःचे.

कार्डं फार गाजली. नाना गावातल्या मोठ्या माणसांत बसू लागले. थोड्या वर्षांनी त्या मोठ्या माणसांनी नदीकाठ सुशोभित करायची समिती काढली, आणि समितीत नानांना खुर्ची मिळाली. काठावर बाग करायची, कारंजं करायचं, घाट बांधायचा. त्याच्या आड भोयांची वस्ती येत होती. वस्तीला कागद कसला? पिढ्यान् पिढ्या वाळूत राहणाऱ्या माणसांकडे कोण कागद करून ठेवतो. जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांनी सांगितलं की वस्ती जुनी असेल तर तिला गावातच जागा देऊ, अलीकडची असेल तर उठावं लागेल. आणि समितीनं साहेबांपुढे काय ठेवलं? नानांचं पोस्टकार्ड. बघा साहेब, जुना फोटो आहे, नदीकाठ मोकळा आहे, एक झोपडी दिसत नाही, ही सगळी माणसं मागाहून येऊन बसली आहेत. मी हे ऐकलं तेव्हा मला वाटलं नाना आता हसतील आणि म्हणतील, अहो, तो रंग मी लावलाय. मी वाट बघत राहिले.

सोनाअक्का घरी आली. मागच्या दारानं नाही, पुढून, स्टुडिओत. कार्ड तिनं पदरात गुंडाळून आणलं होतं. ते तिनं मेजावर ठेवलं आणि विचारलं, "नाना, नदीमा पाणी शे, वाळू शे, मंग बठ्ठा मानसे कोठे गयात?" नाना म्हणाले की छपाईत असं होतं कधीकधी. ती म्हणाली, "तुमना बापनी काढेल फोटू शे. त्यामा मन्ही सासू शे, मी मन्हा डोयानी देखेल शे. तुम्ही साहेबले इतलंच सांगा. आखो काही नको." नाना बघतो म्हणाले. तेच त्यांचं नेहमीचं बघू. ती गेल्यावर आईनं चहा आणून ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाली की सांगून टाका ना. नाना खाकरले. आई आत गेली.

दुसऱ्या दिवशी खुद्द भंवरशेठ आले. त्यांना झोप लागली नव्हती म्हणे. "नाना, माझं नाव सांगा," ते म्हणाले. "शेठनं वस्ती पुसायला लावली म्हणा. मी येतो कचेरीत, मी कबूल करतो." ज्या माणसाला काही भोगायचं नव्हतं त्यानं एवढं देऊ केलं आणि नानांनी ते घेतलं नाही, उलट कचेरीत येऊ नका म्हणून शपथ घातली. शेठ गेल्यावर मी विचारलं, का नाही? नाना म्हणाले की तुला धंदा कळत नाही. कार्डावर जसेच्या तसे छापलंय. उद्या रंग लावला म्हटलं तर लोक म्हणतील ह्यांच्या प्रत्येक फोटोवर रंग आहे. मी म्हटलं, आहेच. त्यांनी मला मारलं नाही. ते उठून सुपारी कातरू लागले. मला तेव्हा वाटलं ते घाबरलेत, आणि घाबरलेल्या माणसाची दया येते. पण त्यांना पोटाची भीती नव्हती. लग्नाचे फोटो तर येतच राहिले असते. त्यांना ती खुर्ची जाण्याची भीती होती, आणि एका खुर्चीसाठी माणूस शेजारची पन्नास घरं काढून टाकतो हे मला आजही गिळता येत नाही.

साहेबांच्या कचेरीतल्या सुनावणीच्या आदल्या दुपारी नाना जेवून आडवे झाले. बाहेर वैशाखाचं ऊन होतं, कुत्रंही हलत नव्हतं. मी माळ्यावरून काच काढली आणि मेजावर घेतली. कापूस ओला केला आणि गुळगुळीत बाजूनं हळूहळू फिरवला. लाल पाणी मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत आलं. आधी झोपडीची पाखं दिसली, मग पोरं, मग भट्टी, आणि शेवटी ती बाई आणि तिचा न थांबलेला हात. मी डार्करूममध्ये छाप काढला. रंग पाण्यानं जातो हे नानांना माहीत होतं. त्यांनी काच खरवडली नव्हती. म्हणजे हवं तेव्हा ती माणसं परत आणता येतील हे त्यांना ठाऊक होतं आणि तरी ते गप्प होते. त्या दुपारी मला रडू आलं नाही. आला तो राग.

कचेरीत एका बाजूला समितीच्या खुर्च्या होत्या, त्यात नाना. दुसऱ्या बाजूला वस्तीची माणसं उभी, पुढे सोनाअक्का. मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले तेव्हा नाना उठायला गेले आणि पुन्हा बसले. मी छाप साहेबांपुढे ठेवला, काच ठेवली, आणि सांगितलं की कार्ड ह्याच काचेवरून केलंय, वर रंग होता, तो मी धुतला. साहेबांनी काच खिडकीकडे धरली. मग नानांना विचारलं की तुमचं काय म्हणणं. नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेब, ही माझी मुलगी. रिटचिंग करते. तिचा हात फार चांगला आहे. अख्ख्या खानदेशात असा हात नाही. ह्या झोपड्या तिनं कुंचल्यानं काढल्यात."

मी म्हटलं, "साहेब, त्या बाईचा हात बघा. तो हललाय. हललेला हात कुंचल्यानं काढता येतो का?" साहेबांनी हात बघितला नाही. त्यांनी मला बघितलं आणि विचारलं की मुली, तुझे वडील खोटं बोलतात असं म्हणतेस? मी हो म्हणाले. समितीतलं कुणीतरी हसलं. साहेबांनी काच नानांच्या हातात परत दिली, फाईल बंद केली आणि उठता उठता सल्ला दिला की हिचं लग्न लवकर करून टाका. ज्या एका शब्दासाठी मी वर्षानुवर्षं मान मोडून बसले होते तो शब्द नानांनी दिला, आणि तो असा दिला. बाहेर पायरीवर सोनाअक्का मला म्हणाली, "तुना बापनी येक गोट खरी सांगी. तुना हात चांगला शे." मग ती वस्तीच्या माणसांबरोबर उतारानं खाली गेली. तिनं मागे वळून पाहिलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर वस्ती उठवली. त्यांना गावाबाहेर मुरमाड माळावर टाकलं, जिथून नदी दिसत नाही. भोयांना नदी दिसत नाही अशा जागी! बाग झाली, कारंजं उडालं, पहिल्याच उन्हाळ्यात बंद पडलं, त्याच्या हौदात डास झाले. मी नानांशी बोलणं टाकलं आणि जळगावला मामाकडे निघून गेले, तिथेच कॉलेज केलं, तिथेच नोकरी धरली, पुन्हा त्या मेजावर बसले नाही. निघताना आईनं बिबड्यांचा मोठा डबा बरोबर दिला. जळगावला पोचून डबा उघडला तर ज्वारीच्या त्या वाळवलेल्या पापडांच्या थरांमध्ये, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली ती काच होती. नानांच्या कपाटातून तिनं ती कधी काढली, त्यांना काय सांगितलं, मला ठाऊक नाही. तिच्यावरही माझा राग होता, अजून थोडा आहे. कचेरीत ती आली असती तर? पण तिला जेवढं करता आलं तेवढं तिनं केलं, आणि नानांना करता येण्यासारखं कितीतरी होतं.

नाना गेले तेव्हा मी धुळ्याला गेले. दिवसांना हार घालायला मोठा फोटो हवा होता. माझा भाऊ दिलीप निगेटिव्ह घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, चेहरा जरा साफ करून दे. डोळ्यांखाली काळं आलंय. तुझा हात चांगला आहे." मी निगेटिव्ह घेतली आणि काही न करता छाप काढला. डोळ्यांखालचं काळं, आवळलेले ओठ, गळ्याची सैल कातडी, सगळं. नातेवाईक म्हणाले की नाना किती वेगळे दिसतात. मी म्हटलं, जसेच्या तसे आहेत.

तर परवाच्या त्या चित्रावर येते. स्वयंपाकघरातून मी बाहेर आले, कपाटातून काच काढली आणि नातीला म्हटलं, हिचा फोटो घे आणि तुझ्या त्या ग्रुपवर टाक. तिनं काच खिडकीशी धरली, मोबाईलमध्ये काळ्याचं पांढरं केलं, आणि खाली मी सांगितलं ते लिहिलं : हीच नदी, हाच काठ, इथे माणसं राहत होती. थोड्या वेळानं कुणाचं तरी उत्तर आलं. पोरीनं वाचायला टाळाटाळ केली म्हणून मी चष्मा लावून स्वतः वाचलं. लिहिलं होतं : एडिट केलेला वाटतो, भट्टीपाशी बाईचा हात बघा, नीट जमलेला नाही.

नात म्हणाली, जाऊ दे ना आत्याआजी. मी जाऊ दिलं नाही. टाईप कसं करायचं ते तिच्याकडून विचारून घेतलं, बोटानं एकेक अक्षर शोधलं, फार वेळ लागला. लिहिलं की तो हात सोनाअक्का भोईणीच्या सासूचा आहे. तिला हलू नको म्हणून सांगितलं होतं. पण चाळणीत चणे होते.